दहाव्याला भरलेला वर्ग

पुंजाजी पाटील,

काल सकाळी तुमच्या ओट्यावरून जाताना मी सवयीने खाकरलो. तेल्हाऱ्यात आल्यापासून हा आपला रिवाजच. मी खाकरायचं, तुम्ही आतून ओरडायचं, "ये बापा, ये! भांडाले घसा साफ करून राहिला वाटते," आणि मी चपला काढून वर चढायचं. काल आतून कुणी ओरडलं नाही. थोड्या वेळाने वहिनी दारात आल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "मास्तर, आता कोनाले हाक देता?"

मी म्हणालो, "सर्दी झाली आहे, वहिनी."

त्या आत गेल्या आणि सुंठीचा एवढा मोठा खडा आणून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून तो चावत मी शाळेपर्यंत गेलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते सुंठीवर ढकलायला बरं पडलं. वाटेत भेटलेल्या दोघातिघांना मी होऊन सांगितलं की सुंठ फार तिखट आहे. त्यांनी विचारलं नव्हतं.

लोक म्हणतात, मास्तर, तुम्ही लिहिणारे, पाटलांवर काही लिहा. तुमचं वतन किती जुनं आणि वाडवडील कोण हे मी लिहिणार नाही. ते काम भाटाचं, आणि तो माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतो. मला तुमच्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि अर्धवट भांडण घेऊन मला झोप लागत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कितीदा तरी जेवण सोडून मी तुमच्या ओट्यावर परत आलो आहे, केवळ वाटेत एक मुद्दा सुचला म्हणून.

मी इकडे आलो ते कापसाच्या तेजीत. समुद्रापार अमेरिकेत गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला अचानक सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांच्या पायात कधी जोडा नव्हता ते अकोल्याच्या बाजारातून छत्र्या घेऊन आले आणि कोरड्या ठणठणीत उन्हाळी संध्याकाळी त्या उघडून गावभर फिरले. तुम्ही मात्र वेशीत उभे राहायचात. बाजाराला निघालेल्या प्रत्येक गाडीतून कवेत मावेल तेवढा एक कवळा कापूस काढून घ्यायचात, इंग्रजीच्या वर्गासाठी. मराठी शाळा सरकारची होती. तिच्यावर चढवलेला इंग्रजीचा वर्ग गावाचा. तो नसता तर तेल्हाऱ्याचं पोरगं अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या हायस्कुलाच्या दारापर्यंतसुद्धा पोचू शकलं नसतं, कारण तिथे आत घेतात ते इंग्रजी येणाऱ्यालाच.

माझा पगारही त्याच कापसात. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत तुम्ही गडी लावून तो रचलात आणि जाताना बजावलंत, "मास्तर, लगेच इकून टाक."

पण मी पुण्याकडे शिकलेला! मला अर्थशास्त्र येत होतं. मी म्हणालो, "पाटील, लढाई वाढते आहे. भाव अजून चढेल."

"तू लढाईवर जाऊन पाह्यलं का?"

"वर्तमानपत्रात आहे."

"वर्तमानपत्रवाला कापूस पेरते का?"

मी हसलो आणि कापूस ठेवून दिला. तो भिंतीभर चढला, माळ्यावर गेला, देवघरात शिरला. आमच्या घरात सगळी शिंकत होती. आणि मग ज्या आठवड्यात मी विकायचं ठरवलं त्याच आठवड्यात लढाई संपल्याची बातमी आली. भाव असा कोसळला की व्यापारी गाडीकडे बघायलाही उठेना. माझ्या बायकोने त्या पगाराच्या गाद्या शिवल्या, उशा शिवल्या, लोड शिवले. आजही आमच्याकडे आलेला पाहुणा एकावर एक चार गाद्यांवर निजतो आणि आम्हाला फार सुखवस्तू समजून परत जातो. ही गोष्ट तुम्ही माझ्यादेखत गावात किती जणांना सांगितलीत! दर वेळी एक गादी वाढवून.

तेजी गेली आणि वेशीतला कवळाही गेला. स्वतःचं पोट भरेना तिथे लोक वर्गाला काय देणार? आता वर्ग टिकायचा तर सरकारची मदत हवी होती. आणि सरकारकडे पैसा होता. तो तुम्हीच गोळा करून देत होता, शेतसाऱ्याबरोबर शाळापट्टी म्हणून. मला तो दिवस आठवतो. उकंडा माळी तुमच्यासमोर उकिडवा बसला होता. नदीकाठच्या एवढ्याशा मळ्यात वांगी लावणारा म्हातारा.

"पाटील, हे पट्टी कायची?"

"शाळेची."

"मंग शाळा कोठी हाये?"

"मोठी शाळा अकोल्याले हाये. अमरावतीले हाये."

"अस्सं," उकंडा म्हणाला. "मंग माह्या नातवानं काय वांग्याच्या टोपल्यात बसून जा लागते का तिथं?"

तो गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "सांग आता. तू शिकेल हाये नं? सांग त्याले."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून चालू आहे. मी म्हणायचो, हायस्कूल म्हणजे काही बैल नव्हे की प्रत्येक गोठ्यात एक बांधावा. त्याला पुस्तकं लागतात, नकाशे लागतात, भूमिती येणारा मास्तर लागतो. सरकारने एकाच ठिकाणी एक चांगलं उभं केलं तर त्यात अन्याय कसला? तुम्ही म्हणायचात, "मी कुठं म्हनून राहिलो का गावोगाव हायस्कूल दे? ते राहू दे अमरावतीले. पन ज्याची पट्टी, त्याच्या पोट्ट्यायले तिथवर पोचाले वाट तं दे. एक वर्ग चालव म्हनलं मी. एक! तेवढ्यानं सरकार गरीब होते का?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज चढवायचो. तुमच्याकडे उत्तर असायचं आणि तरीही तुम्ही आवाज चढवायचात. मग वहिनी दोघांना ताक आणून द्यायच्या, भांडं जमिनीवर जरा जोरात ठेवून.

एकदा मी तुम्हाला खिंडीत गाठायचं म्हणून विचारलं होतं, "पाटील, पट्टी ज्याची त्याचं पोरगं म्हणता. महारवाड्यातही दोघांतिघांची जमीन आहे. त्यांच्याकडूनही तुम्ही पट्टी घेता. त्यांची पोरं?"

तुम्ही सुपारी कातरत होता. हात थांबला. मला वाटलं, जिंकलो. मग तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "तू शिकवशील का? एका वर्गात बसवून?"

त्या संध्याकाळी ताकाची वाट न बघता मी घरी गेलो. त्यानंतर हा विषय दोघांनीही काढला नाही. आपण रोज न्यायावर भांडत होतो, आणि त्यातला एवढा भाग दोघांनी मिळून गुंडाळून ठेवला. तो अजून तसाच आहे, पाटील. तुम्ही त्यातून सुटलात. मी सुटलेलो नाही.

सरकारी मदतीचा नियम सोपा होता. शाळाखात्याचे साहेब दौऱ्यावर येणार, वर्गाची परीक्षा घेणार. हजेरी भरली, पुरेशी पोरं उत्तीर्ण झाली की मदत मंजूर. आता साहेबाचा दौरा असतो थंडीत. तंबू टाकायला, घोड्यावरून फिरायला तोच काळ बरा. आणि कापूस फुटतो तोही थंडीतच. वेचणीला घरातली माणसं पुरत नाहीत तिथे धडधाकट पोरगं बाकावर कोण बसू देणार? पहिल्या वर्षी साहेब आले तेव्हा वर्गात कोण होतं? मी, वाण्याचे दोन मुलगे, आणि पटवाऱ्याचा मुलगा, तोही डोळे आले होते म्हणून शेतात न नेलेला.

"बाकीचे विद्यार्थी कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

या ठिकाणी शहाण्या माणसाने ताप, देवी, लग्न, काहीही सांगितलं असतं. मी म्हणालो, "साहेब, शेतात आहेत. चला, दाखवतो." मला वाटलं, प्रत्यक्ष पाहिलं की साहेबांना पटेल. तुम्ही मागून माझा अंगरखा ओढत होता, तो मी सोडवून घेतला.

आणि दिवस कोणता? तुमच्या शेतात सीतादहीचा! वेचणीचा मुहूर्त. बायकांनी सात खडे धुऊन मांडलेले, त्यांना हळदकुंकू वाहिलेलं, दहीभाताचा नैवेद्य झालेला, आणि आता तोच दहीभात कपाशीवर चारी दिशांना उधळणं चाललेलं. साहेबांचा घोडा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर आला नि नेमकी त्याच दिशेची पाळी आली. दह्याचा एक सपकारा साहेबांच्या टोपीवर बसला, एक माझ्या नव्या उपरण्यावर. बायका आधी घाबरल्या आणि मग पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. तुमच्या चुलतीने तर पुढे होऊन फर्मावलं, "आजच्या दिशी धुऱ्यावर आलेला मानूस दहीभात खाल्ल्याबिगर जात नसते. गोरा असो का काया." साहेबांनी घोड्यावर बसूनच पळसाच्या पानावरचा दहीभात खाल्ला. तेवढ्यात कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेली माझी पोरं कपाशीच्या तासातासातून, ओळीओळीतून उभी राहिली आणि मी खूण करताच इंग्लंडातल्या नद्यांची नावं घडाघडा म्हणू लागली. इतकी चांगली ती वर्गात कधी म्हणाली नव्हती.

साहेब हसले. मी मनात मदत मंजूरही करून टाकली. संध्याकाळी तंबूत बोलावून ते म्हणाले, नियम नियम आहे. शाळेत हजर असलेल्यांचीच परीक्षा. इथल्या शेतकऱ्यांना शिक्षणाची आस्था कमी दिसते.

बाहेर येऊन मी तुम्हाला सांगितलं की साहेब म्हणाले, पुढे बघू.

"नरम करून नको सांगू," तुम्ही म्हणालात. "माह्याकडे पाहून सांग."

मी सांगितलं. तुम्ही तंबूकडे हात करून म्हणालात, "अमरावतीच्या सेठचं पोट्टं बारा मयने गादीवर बसते, त्याची हजेरी भरते. आमचं पोट्टं कापूस वेचते. त्याच कापसातून सारा निघते, त्याच साऱ्यातून पट्टी निघते. अन् वेचाले गेलं म्हनून वर्ग बंद? कापूस काय साहेबाच्या दौऱ्याले इचारून फुटते, मास्तर?"

त्या दिवशी मी वाद घातला नाही. उपरण्यावरचं दही खरडत उभा राहिलो.

मग पुढच्या दौऱ्याआधी अमरावतीची वारी. वरच्या साहेबांकडे दाद मागायची ठरलं. बैलांच्या दमणीने अकोल्यापर्यंत, तिथून आगगाडीने बडनेरा, पुढे पुन्हा बैल. आगगाडीत तुम्ही दारापाशी बसलात आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक शेताला नावं ठेवलीत. अमरावतीत आधी हायस्कूल बघायचं म्हणालात. व्हरांड्यात एक नवं कोरं बाक होतं. तुम्ही त्यावरून हात फिरवलात. "लाकूड बरं हाये," म्हणालात आणि ऐसपैस बसलात. शिपाई धावत आला. "ओ बाबा, उठा, उठा! हे बाक सरकारी हाये."

"मंग बरोबर हाये. म्यांच देल्लं सरकारले," तुम्ही म्हणालात आणि उठला नाहीत. शिपायाशी हुज्जत मला घालावी लागली. त्या बाकावर बसून तुम्ही आतल्या पोरांकडे ज्या नजरेने बघत होता, तिच्याबद्दल मी तुम्हाला तेव्हा काही बोललो नाही. तिथे राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. भरल्या पंगतीकडे दारातून बघणाऱ्या माणसाची नजर होती ती.

वरच्या साहेबांपुढे बोलण्यासाठी मी तीन आठवडे इंग्रजी भाषण घोटलं होतं. पुण्याला आम्हाला अर्ज लिहायला शिकवलं होतं, त्याच थाटाचं: आपल्या कृपाछायेचा भुकेला, आपल्या चरणांशी ज्याची एकमेव आशा आहे असा मी, आडगावी खितपत पडलेले हे कोवळे अंकुर, वगैरे वगैरे. शाळापट्टीपर्यंत पोचायला मला फार वेळ लागला. बहुधा पोचलोच नाही. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. आमचे दौऱ्याचे साहेबही बाजूला बसले होते. शेवटी वरचे साहेब म्हणाले, तुमचं इंग्रजी उत्तम आहे, तुमच्यासारखा माणूस आडगावी खितपत पडावा हे खरंच योग्य नाही. अकोल्याच्या हायस्कुलात मास्तराची जागा रिकामी होते आहे. जूनपासून या.

मी आभार मानून बाहेर आलो. आभारसुद्धा मानले, पाटील!

तुम्ही पायरीवर बसला होता. "काय म्हने?"

"मला बढती दिली."

"अन् वर्गाले?"

"वर्गाचा विषय... निघाला नाही."

तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत. मग हसायला लागलात. पागोटं सुटून खांद्यावर आलं तरी तुमचं हसू थांबेना. "अरे बापा! गावाचा नवस फेडाले धाडला, अन् ह्यानं सोताचंच लगन लावून आनलं!" येणारेजाणारे थांबून बघू लागले. मीही हसत होतो. दोघांनाही कळत होतं की यात हसण्यासारखं फार काही नाही. मी गेलो तर वर्ग बंद. तेल्हाऱ्याला दुसरा इंग्रजी येणारा माणूस कुठून येणार?

हसू ओसरल्यावर तुम्ही पागोटं बांधलंत, शिपायाला बाजूला केलंत आणि सरळ आत गेलात. मी मागे धावलो. तुम्हाला बघून दौऱ्याचे साहेब ओरडले, "दहीवाला पाटील!" आणि त्यांनी आपल्या टोपीची गोष्ट वरच्या साहेबांना सांगितली. दोघे खळखळून हसत असताना तुम्ही आपलं म्हणणं मांडलंत: "साब, इम्तिहान होली के पास लो. कपास घर आने दो." वरचे साहेब खुशीत होते, म्हणाले, ठीक, या एका वर्षी तशी घेऊ.

तिथेच थांबायचं की नाही! पण तुम्ही छातीवर हात ठेवून पुढे म्हणालात, "एक बी लडका कम पडा तो वर्ग बंद कर देना."

परतताना मी तुमच्यावर गाडीभर चिडलो. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का? एखादं पोरगं आजारी पडलं तर?"

"नाई पडत."

"एखाद्याचं लग्न निघालं तर?"

"मी पाटील हाये नं. लगन पुढं ढकलतो."

"सगळं काही पाटलाच्या हातात असतं का?"

तुम्ही बाहेरच्या शेताकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "पाह्य, ह्यानं दाट पेरलं."

त्या हिवाळ्यात तुम्ही घराघरांत जाऊन वेचणी उरकून घेतलीत. आणि माघ संपता संपता अंथरूण धरलंत. मी रोज यायचो. शेवटच्या वेळी तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, डोळे तापाने लाल. आवाज अगदी खाली गेला होता. "जाऊन राहिला का अकोल्याले?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. अकोल्यात पगार नाण्यांत मिळणार होता, बायको हरखली होती, भूमिती येणाऱ्या माणसांशी बोलायला मिळणार होतं. म्हणून मी जे नेहमी करतो तेच केलं. म्हणालो, "तिथे तुमच्यासारखा भांडकुदळ माणूस मिळाला तर जाईन."

तुम्ही हसलात. मग खोकलात. मग म्हणालात, "नाई मियनार." आणि कुशीवर वळलात. मला वाटलं, आता झोपू द्यावं.

साहेबांचा दिवस आधीच ठरला होता, त्यांचा तंबू मोर्शीकडून निघालेला होता. तुम्ही गेलात त्या दिवशी मला रडूही धड आलं नाही, कारण डोक्यात एक हिशोब सुरू झाला होता आणि त्याची मला लाज वाटत होती. परीक्षा तुमच्या दहाव्याला येत होती. वर्गातली अर्ध्याहून जास्त पोरं तुमच्या भाऊकीतली. दहाव्याला सगळी भाऊकी नदीवर जाणार, डोकी भादरणार, दुपार टळून जाईपर्यंत परत येणार नाही. "एक बी लडका कम पडा तो." ताप नाही, लग्न नाही; पोरं कमी पाडणार होतात ते तुम्ही स्वतः.

वहिनींना हे कसं सांगायचं? मी ओट्यापर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. तिसऱ्या वेळी त्यांनीच हाक मारली. आत भाऊकीतले म्हातारे बसले होते.

"मास्तर, साहेब कवा येऊन राहिला?"

मी दिवस सांगितला. म्हाताऱ्यांनी बोटांवर दिवस मोजले. त्यांनाही कळलं.

एक म्हातारा म्हणाला, "साहेब गेला खड्ड्यात. पाटलाचा दहावा सोडून पोट्टे बाकावर बसतीन का?"

"सुतकातले पोट्टे शाळेत? मास्तर बामन हाये, तोच शिवून घेनार नाई," दुसरा म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी घेईन."

वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशाच बोलल्या. "पिंड द्याले माहा पोरगा हाये. बाकीचे पोट्टे तिथं नदीवर गोटे मोजून राहतीन. त्यायनं साहेबाले जबान देल्ली. जबान पुरी झाली नाई तं त्यायले कायचा दहावा अन् कायचं तेरवं?" मग जरा थांबून, "न्हाव्याले पहाटेच बलवा. डोस्के भादरा, आंगोया करा, अन् धाडा."

म्हातारा काहीतरी पुटपुटला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "दाजी, जाऊन सांगा न्हाव्याले." आणि तो उठला.

त्या सकाळी वर्ग भरला, पाटील. सगळा भरला. पुढच्या तीन रांगांत नुकतीच भादरलेली डोकी, मागे वाण्याची, माळ्याची पोरं शेंड्या ठेवलेली. हजेरी घेताना एकेक नाव पुकारलं की एकेक तुळतुळीत डोकं वर व्हायचं. माझा आवाज भलत्याच नावावर फुटायचा. नेमका उकंडाच्या नातवाच्या नावावर फुटला आणि तो बिचारा समजला, आपलं काही चुकलं.

साहेब आत आले आणि दारातच थबकले. मला म्हणाले, "मास्तर, इथे खरजेची साथ आहे का?"

तीन आठवडे घोटलेलं ते इंग्रजी मला तेव्हा एका अक्षराने कामी आलं नाही. मी म्हणालो, "पाटील वारले, साहेब. ही त्यांची पोरं आहेत."

"दहीवाला पाटील?"

"हो."

साहेब खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि दोन तास पोरांना पिळून काढलं. कुणाला एक गुण फुकट दिला नाही. ज्याला आलं नाही त्याला खाली बसवलं, भादरलेल्या डोक्याकडे न बघता. तेव्हा मला राग आला. आता वाटतं, तुम्हाला आवडलं असतं. दयेवर मिळालेला वर्ग तुम्ही घेतला नसता.

पुरेशी पोरं उत्तीर्ण झाली. साहेबांनी मदत मंजूर होईल म्हणून सांगितलं, इंग्रजी येणारा मास्तर असेल तोवर. आणि हेही सांगितलं की पुढची तपासणी मात्र नेहमीसारखी थंडीत होईल. एका गावासाठी दरवर्षी दौरा बदलता येत नाही. म्हणजे आपण काय मिळवलं? एक वर्ष. ज्याची पट्टी त्याचं पोरगं, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. कापूस पुन्हा थंडीतच फुटणार आहे.

निघताना साहेबांनी विचारलं, "मग, जूनमध्ये अकोल्याला रुजू होता ना?"

मी म्हणालो, "नाही, साहेब." त्याला पुढेमागे एकही विशेषण लावलं नाही. त्यांना वाटलं मी दुःखाच्या भरात बोलतो आहे. म्हणाले, विचार करून कळवा. मी कळवलं आहे. बायको दोन दिवस बोलत नव्हती. काल तिने एक गादी उसवून कापूस उन्हात टाकला, म्हणजे इथे राहायचं तिनेही धरलं असावं.

हे तुम्ही विचारलं होतंत तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक नाही एवढं तरी सरळ सांगितलं असतं तर तुम्ही कुशीवर वळला नसता. उठून बसला असता आणि मला पटवायला लागला असता. तुमचा शेवटचा वाद मी एका विनोदात घालवला.

आता शाळा सुटली की मी एकटाच भांडतो. आधी माझी बाजू मांडतो: पुस्तकं, नकाशे, एकच चांगलं हायस्कूल. मग तुमची मांडतो, तुमच्या आवाजात, तुमच्यासारखा हात हवेत उडवून. बाजारातून येणारी माणसं वळून बघतात. तुमच्या बाजूने बोलताना माझा घसा बसत नाही, आणि माझ्या बाजूने बोलायला दिवसेंदिवस काही सुचत नाही.

पाटील, मी हरून राहिलो.